वाचक विचारतात : खाणीचा ढिगारा, त्याची टेकडी आणि तिथे फिरायला जाणं

मागच्या अंकात जर्मनीतल्या रुर भागाबद्दल लिहिलं होतं. तिथे शंभर-दीडशे वर्षं कोळसा निघाला, कोळशासोबत जो दगड वर आला त्याचे ढिगारे गावोगाव साचले, आणि आता त्यातल्या कितीतरी ढिगाऱ्यांवर लोक सायकल चालवतात, पतंग उडवतात, वर जाऊन सूर्यास्त बघत बसतात, असा तो लेख होता. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की हा महिना पूर्ण त्यालाच द्यायचं ठरवलं. बरीचशी चंद्रपूर-नागपूरकडची आहेत आणि ते साहजिकच आहे. नावं छापत नाही, गाव तेवढं देतोय.

प्रश्न (घुग्घुस, जि. चंद्रपूर) : सर, आमच्या गावाच्या मागे ओबीचा भला मोठा ढिगारा आहे, लहानपणापासून पाहून राहिलो, दरवर्षी वाढूनच राहिला. तुमच्या लेखातला तो जर्मनीचा फोटो पाहिला आन् वाटलं आमच्याकडे का नाही होऊ शकत? झाडं लावली, वर जायला रस्ता केला, दोन-चार बाकडे टाकले की झालं ना?

उत्तर : होऊ शकतं, पण बाकडी आणि झाडं हे सगळ्यात शेवटचं काम आहे. पहिलं काम म्हणजे ढिगाऱ्याच्या पोटात काय चाललंय ते बघणं. रुरमध्ये जे जमलं ते ह्या न दिसणाऱ्या कामामुळे जमलं आणि फोटोत नेमकं तेच येत नाही.

आधी एक फरक लक्षात घ्या. रुरच्या खाणी जमिनीखाली खोल, तिथे कोळशासोबत वर आलेला दगड धुऊन वेगळा करायचे आणि बाहेर टाकायचे, पुढे मशीनं आली तेव्हा तर बाहेर येणाऱ्या मालात जवळपास निम्मा दगडच असायचा. तुमच्याकडे ओपनकास्ट आहे, म्हणजे कोळशाच्या वरची सगळी माती, मुरूम, वाळूचा दगड, शेल हे उचलून बाजूला टाकलेलं, तेच ओबी (ओव्हरबर्डन). त्यामुळे तुमचा पहिला प्रश्न बागेचा नसून असा हवा की ह्यातलं किती परत खड्ड्यात जाणार आहे? कोळसा काढून झालेल्या भागात ओबी परत भरायची असते, जी बाहेर उरेल तिचीच टेकडी होणार. जो ढीग उद्या खड्ड्यात जायचाय त्यावर आज बाग करून काय उपयोग.

आता उतार. डंपरने वरून माल लोटला की तो स्वतःहून साधारण ३७ अंशाला थांबतो, तेवढा उतार दिसायला टिकाऊ वाटतो पण पावसात टिकत नाही, म्हणून त्याला पायऱ्या-पायऱ्यांनी कापून, ज्याला खाणीवर बेंच म्हणतात, एकूण उतार कमी करावा लागतो. आपल्याकडे पर्यावरण मंजुरीच्या पत्रांमध्ये बहुतेक वेळा २८ अंशाच्या आत ठेवा अशी अट असते. पायथ्याशी गोल फिरणारा नाला, म्हणजे गारलँड ड्रेन, आणि त्याच्या शेवटी गाळ बसायला तळं, हे नसेल तर जुलैमध्ये अर्धी टेकडी शेजारच्या शेतात उतरते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग आग. ढिगात कोळशाचा चुरा आणि लोखंड-गंधकाचं एक खनिज असतं, त्याला हवा लागली की ते तापतं, आणि तापत तापत आतल्या आत धुमसायला लागतं. रुरमधले जुने, शंकूसारखे टोकदार ढीग असे वर्षानुवर्षं धुमसत होते. नंतर त्यांनी पद्धत बदलली, माल पातळ थरांत टाकायचा आणि प्रत्येक थर रोलरने दाबायचा, म्हणजे हवा आत शिरतच नाही. तुमच्या ढिगावर कुठे धूर दिसतो का, पाऊस पडून गेल्यावर वाफा येतात का, गंधकाचा वास येतो का, हे गावातल्या लोकांनाच सगळ्यात आधी कळतं, ते लिहून ठेवा, तारखेसकट. जिथे धुमसतंय तिथे माणूस फिरवायचा नाही, जमीन आतून पोकळ झालेली असू शकते.

तेच गंधकाचं खनिज पाण्यात आलं की आम्ल तयार होतं, पायथ्याच्या नाल्याचं पाणी नारिंगी दिसायला लागलं की समजायचं. अशा ठिकाणी रोपं जगत नाहीत आणि लोक म्हणतात पाणी घातलं नाही म्हणून मेली.

एवढं झालं की मग झाडं, आणि तिथेही मातीच नाहीये हो, दगडाचा भुगा आहे. खरं तर खाण सुरू करताना वरची सुपीक माती वेगळी काढून जपून ठेवायची असते, शेवटी तीच वर पसरायची. ती नसेल तर माती तयार करावी लागते. ह्याबाबतीत जर्मनीला जायची गरज नाही, नागपूरच्या नीरीने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर हेच काम केलं, साखर कारखान्यातला प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, घातला, मुळांशी राहणारी बुरशी आणि नत्र धरणारे जिवाणू रोपांना दिले आणि जिथे गवत येत नव्हतं तिथे झाडं उभी केली. म्हणजे ज्ञान आपल्या घरात आहे. करंज, शिसू, सिरस, बांबू, बोर अशी इथलीच झाडं घ्या आणि त्यांच्याआधी गवत येऊ द्या, गवताने माती धरून ठेवली की पुढचं सोपं होतं.

प्रश्न (बल्लारपूरजवळची एक शिक्षिका) : आमच्या शाळेची मुलं संध्याकाळी ढिगाऱ्यावर चढून रील्स बनवतात. काही पालक म्हणतात जाऊ द्या, परदेशात तर तिथे पार्क असतात. मी काय सांगू त्यांना?

उत्तर : ताई, सरळ नाही सांगा, आणि पालकांना शाळेत बोलावून सांगा. परदेशात ज्यावर पार्क आहे तो ढीग बंद झालेला, आकार दिलेला, तपासलेला आहे. चालू खाणीचा ढीग ही खाणच असते, तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि त्याला कारण आहे.

२१ ऑक्टोबर १९६६ ला वेल्समधल्या ऍबरफॅन गावात डोंगरावर रचलेला कोळसा खाणीचा ढीग सकाळी शाळा भरल्या भरल्या खाली आला. तो ढीग झऱ्यावर टाकलेला होता, आतलं पाणी साठून सगळा माल चिखलासारखा वाहिला आणि शाळेवर जाऊन पडला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. गावातल्या लोकांनी आधी तक्रारी केलेल्या होत्या. आणि आपल्याकडचं हवं असेल तर झारखंडच्या गोड्डा जिल्ह्यात राजमहल ओपनकास्टला २९ डिसेंबर २०१६ च्या रात्री ओबीचा भाग घसरला आणि २३ कामगार त्याखाली गेले, ती तर रोज तिथेच काम करणारी, ढीग ओळखणारी माणसं होती. मुलांना कुठून कळणार?

चंद्रपूरला आणखी एक गोष्ट आहे जी रुरमध्ये नाही. ओबीवर वेडी बाभूळ माजते, त्या झुडपात रानडुकरं राहतात, आणि त्यांच्यामागे बिबट्या आणि वाघ येतो. संध्याकाळची वेळ तर अजिबात नको. पायथ्याशी पाण्याने भरलेले जुने खड्डे असतील तर त्यांचे काठ तर ढिगापेक्षा वाईट, आत एकदम सरळ खोल.

मुलांचा मोबाईल काढून घेऊन काही होणार नाही, त्यांना ढिगाची गोष्ट शिकवा, ऍबरफॅनची गोष्ट सातवी-आठवीच्या मुलांना नक्की समजते.

प्रश्न (डॉर्टमुंड, जर्मनी) : आम्ही नोकरीनिमित्त इथे राहतो. मे महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून येतायत. लेख वाचून बाबा म्हणाले मला त्या टेकड्या बघायच्या आहेत, पण आईचे गुडघे दुखतात. कुठे नेऊ?

उत्तर : बाबांना बोट्रॉपला न्या. तिथल्या ढिगावर १९९५ मध्ये उभा केलेला टेट्राएडर आहे, लोखंडी नळ्यांचा त्रिकोणी पिरॅमिड, साठ मीटरच्या कडा, काँक्रीटच्या चार खांबांवर उचलून धरलेला, आणि त्याच्या आत लटकवलेल्या पायऱ्या. पायऱ्या जाळीच्या आहेत, खालचं सगळं दिसतं आणि वाऱ्यात थोडं हलतंसुद्धा, तेव्हा उंचीची भीती असेल तर खालीच थांबावं. वरून सगळा रुर दिसतो आणि हिरवं किती आहे ते बघून बाबा चकित होतील.

आईंसाठी ड्युइसबर्ग-नॉर्डचा लँडशाफ्टपार्क. हा ढीग नव्हे, १९८५ ला बंद पडलेला लोखंडाचा कारखाना आहे, पण सपाट आहे, प्रवेश फुकट आहे आणि बघण्यासारखं इतकं आहे की एका बाकावर बसूनही दिवस जाईल. पीटर लाट्झ ह्या लँडस्केप आर्किटेक्टने त्याचा पार्क करताना भट्ट्या तशाच ठेवल्या, खनिज साठवायच्या जाड भिंतींवर आता लोक गिर्यारोहण शिकतात आणि गॅसच्या टाकीत पाणी भरून तिथे डायव्हिंग चालतं. वीकेंडला अंधार पडल्यावर सगळ्या कारखान्यावर रंगीत दिवे लागतात, मे मध्ये अंधार उशिरा पडतो हे लक्षात ठेवून जा.

आणि वेळ असेल तर हर्टनजवळची होहेवार्ड, फार मोठी टेकडी आहे, तिथे हळूहळू चढणारे रुंद रस्ते आहेत. वर वारा जोरात असतो, मे असला तरी जॅकेट न्या.

प्रश्न (वणी, जि. यवतमाळ, एक ग्रामपंचायत सदस्य) : हे सगळं ठीक आहे, पण पैसा कोण देणार? जमीन कोणाची? आमच्याकडे कंपनी म्हणते खाण चालू आहे, बंद झाल्यावर बघू. बंद झाली की ऑफिसच उठून जातं.

उत्तर : ह्या महिन्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुमचा आहे.

रुरमध्ये दोन गोष्टी झाल्या ज्या आपल्याकडे एकत्र होत नाहीत. एक, ढिगाला मालक मिळाला जो खाण बंद झाल्यावरही राहणार होता. तिथे सगळ्या गावांची मिळून एक प्रादेशिक संस्था आहे, तिची सुरुवात १९२० ची, आज तिला रुर प्रादेशिक संघ म्हणतात. तिने एकेक करत कित्येक ढीग आपल्या ताब्यात घेतले. आता रस्ता खचला, कठडा तुटला, झाड पडलं तर कोणाला फोन करायचा हे ठरलेलं आहे. दोन, १९८९ ते १९९९ अशी दहा वर्षं राज्य सरकारने एम्शर नदीच्या काठच्या सतरा शहरांना एकत्र आणून एक कार्यक्रम चालवला, आयबीए एम्शर पार्क नावाचा. त्यात एकच मोठं स्मारक बांधण्याऐवजी शंभरावर छोटी-मोठी कामं केली, त्यातच हे ढीग आले, कारखाने आले, घरं आली. एम्शर तेव्हा उघडं गटार होती, तिचं सांडपाणी पूर्णपणे बंद नळात घालायला २०२१ उजाडलं आणि साडेपाच अब्ज युरोच्या आसपास खर्च आला. म्हणजे टेकडीवरची बाग लोकांना आधी मिळाली आणि खालची नदी तीस वर्षांनी, एवढा धीर तिथल्या लोकांनी धरला. आणि खाणी बंद झाल्यावरही पाणी उपसत राहावं लागतं, कायम, त्यासाठी २००७ मध्ये वेगळी संस्था करून त्यात पैसा बाजूला ठेवला, शेवटची खाण २१ डिसेंबर २०१८ ला बोट्रॉपमध्ये बंद झाली त्याच्या कितीतरी आधी.

आपल्याकडे कागदावर बरंच आहे. २००९ पासून कोळसा मंत्रालयाचे खाण बंद करण्याचे नियम आहेत, कंपनीला चालू खाणीसाठीही दरवर्षी एस्क्रो खात्यात, म्हणजे ह्या कामासाठीच राखून ठेवलेल्या खात्यात, पैसे भरावे लागतात आणि खाण चालू असतानाच टप्प्याटप्प्याने सुधारणेचं काम करायचं असतं. त्यामुळे "बंद झाल्यावर बघू" हे उत्तरच चुकीचं आहे, तसं लेखी मागा. तुमच्या खाणीचा माईन क्लोजर प्लॅन माहिती अधिकारात मागवा, त्यात बाहेरच्या ढिगाचं शेवटी काय होणार, उंची किती, झाडं कुठे, जमीन कोणाला परत, हे लिहिलेलं असतं. पर्यावरण मंजुरीचं पत्र केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर सापडतं, त्यातली ढिगाबद्दलची अट आणि प्रत्यक्षातला ढीग शेजारी ठेवून ग्रामसभेत वाचा. २०१५ च्या कायदा दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी पण आहे, तो खाणीमुळे बाधित गावांसाठीच आहे. मात्र माझं स्पष्ट मत, त्या निधीतून आधी पिण्याचं पाणी आणि दवाखाना, टेकडीचा उतार नीट करणं हे कंपनीचं काम आहे, ते गावाच्या वाट्याच्या पैशातून होऊ देऊ नका.

अजून एक, नागपूरजवळ वेकोलिने (वेस्टर्न कोलफिल्ड्स ह्या सरकारी कोळसा कंपनीने) ओबीतून वाळू काढायला सुरुवात केलेली आहे, बांधकामाला वापरतात. तुमच्या ढिगात वाळूचा दगड जास्त असेल तर ढीग ठेवायचा की वापरायचा हा पण विचार करा, नदीतली वाळू तेवढी वाचेल. सावनेरला खाणीशेजारी इको पार्क आहे आणि एमटीडीसीबरोबर खाण पर्यटन सुरू केलं होतं, तिथे पंचायतीच्या दोन-तीन लोकांनी जाऊन या, काय आवडलं काय नाही ते तुमचं तुम्हाला कळेल.

प्रश्न (नागपूर, आर्किटेक्चरची विद्यार्थिनी) : माझा फायनल इयर थिसिस चंद्रपूरच्या ओबी डंपवर आहे. वर काहीतरी आयकॉनिक हवं असं गाईड म्हणतात. काय करावं?

उत्तर : होहेवार्डवर दोन प्रचंड कमानींची वेधशाळा आहे, व्यास नव्वद मीटरच्या आसपास, सूर्य-चंद्राची उगवण-मावळण त्यातून बघायची अशी कल्पना. २००८ च्या शेवटी उघडली आणि काही महिन्यांतच एका जोडात भेग दिसली म्हणून तो भाग बंद करावा लागला, आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. कमानी सुंदर आहेत, मला फार आवडतात, पण वर जितकं जास्त बांधाल तितकं ते पुढे कोणीतरी सांभाळायचंय. ढीग तर स्वतः कित्येक वर्षं बसत, दबत असतो.

ह्याच्या उलट एसेनला शुरेनबाख ढिगावर रिचर्ड सेरा ह्या शिल्पकाराने १९९८ मध्ये काय केलं, तर पोलादाचा एकच जाड पत्रा, साडेचौदा मीटर उंच, उभा केला. बाकी सगळा माथा काळा आणि उघडा ठेवला. तिथे गेल्यावर आपण कशावर उभे आहोत हे विसरताच येत नाही. ढिगाचा काही भाग असाच उघडा ठेवायला घाबरू नकोस, रुरमध्ये अशा उघड्या गरम दगडांवर दुर्मिळ नाकतोडे आणि पावसाच्या डबक्यांत एक जातीचा बेडूक येऊन राहिलाय, सगळीकडे माती घालून लॉन केलं असतं तर ते आलेच नसते.

आणि तुझी साईट चंद्रपूरला आहे, मे मध्ये पारा ४५ च्या वर, काळा दगड त्याहून कितीतरी जास्त तापतो. माथ्यावरचा व्ह्यू पॉईंट दुपारी कोणी वापरणार नाही. सावली, पाणी आणि मुताऱ्या पायथ्याशी दे, वर जायची वाट पूर्वेच्या आणि उत्तरेच्या उताराने काढ, पहाटे फिरायला येणाऱ्या बायकांना कुठून दिसेल, कुठे सुरक्षित वाटेल हे त्यांना विचारून ठरव, वाघाचा प्रश्न वनखात्याशी बोलून सोडव. गाईडना ड्रॉइंग दाखवताना सेक्शन (उभा छेद) आधी दाखव, प्लॅन (वरून दिसणारा नकाशा) नंतर.

प्रश्न (बल्लारपूर, निवृत्त खाण कामगार) : सगळी नोकरी अंडरग्राउंडला केली. त्या ढिगातला दगड आम्ही काढलेला आहे, आमचे दोस्त त्यात गेले. आता त्याच्यावर लोक आइस्क्रीम खातील, फोटो काढतील. मनाला बरं वाटत नाही, म्हणून लिहिलं.

उत्तर : काका, बरं केलंत लिहिलंत. तुमच्या वाटण्यात काही चूक नाही, आणि जो पार्क तुमचं हे म्हणणं ऐकल्याशिवाय होईल तो अर्धवटच राहील.

बोट्रॉपला हानिएल म्हणून ढीग आहे. १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे तिथल्या खाणीवर आले होते, तेव्हा खाणीतल्या शिकाऊ मुलांनी एक क्रॉस बनवला, तो आता त्या ढिगावर उभा आहे आणि दर गुड फ्रायडेला लोक येशूच्या शेवटच्या वाटेचे टप्पे करत पायी वर चढतात. त्या वाटेवरच्या थांब्यांना खाणीतली अवजारं लावलेली आहेत. त्याच माथ्यावर आगुस्तीन इबारोला ह्या बास्क कलाकाराने रेल्वेचे शंभरावर जुने स्लीपर रंगवून रांगेत रोवलेत. मोएर्सच्या ढिगावर तर ओटो पीनेने खाणकामगाराच्या दिव्याच्या आकाराचा तीस मीटरचा मनोरा बांधला २००७ मध्ये, रात्री त्याच्या लाल उजेडात उतार उजळतो आणि लांबून दिसतो. आणि एसेनच्या त्सोलफराइन खाणीत, जी आता जागतिक वारसा आहे, लोकांना फिरवून माहिती सांगणाऱ्यांत स्वतः खाणीत काम केलेली माणसं आहेत.

आपल्याकडे ढिगावर पार्क होईल तेव्हा तिथे कोणत्या वर्षी कोण अपघातात गेलं त्यांची नावं दगडात कोरलेली हवीत, कोळशाचे थर कुठे किती खोल होते त्याचा फलक हवा, आणि रविवारी तुमच्यासारखे दोघं-तिघं तिथे बसून पोरांना सांगतील, त्याचं मानधन त्यांना मिळायला हवं. तुमच्या ओळखीतले जे कोणी आहेत त्यांच्याकडून नावं, तारखा, जुने फोटो, हजेरीची कार्डं आत्तापासून गोळा करा, कारण ऑफिस हललं की पहिले हे कागद जातात. तुम्ही काही लिहून पाठवलंत तर आम्ही छापू, नक्की.

प्रश्न (परळी वैजनाथ) : आमच्याकडे कोळसा नाही, थर्मलची राख आहे. तिच्यावर असं काही होईल का?

उत्तर : ओबीचं सगळं राखेला लागू होत नाही. राख बारीक, वाऱ्याने उडते, फुप्फुसात जाते, तिच्यात जड धातू असतात, आणि राखेच्या तळ्याचा वरचा थर कोरडा दिसला तरी खाली ओला असतो, माणूस किंवा जनावर त्यात रुतू शकतं. तेव्हा त्यावर आज कोणी फिरायला जाऊ नये.

ड्युइसबर्गला जस्ताच्या कारखान्याच्या विषारी मळीची टेकडी आहे, तिच्यावर २०११ पासून रोलर कोस्टरसारखा दिसणारा चालायचा जिना आहे, टायगर अँड टर्टल नावाचा, खूप लोक येतात. पण त्याआधी ती टेकडी वरून पूर्ण सीलबंद केली, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून, आणि मग त्यावर स्वच्छ माती घातली. तेवढा खर्च आणि तेवढी देखरेख करायची तयारी असेल तर राखेवरही हिरवळ होते, बांबू चांगला येतो. नाहीतर राख विटांना, सिमेंटला, रस्त्याच्या भरावाला जाऊ द्या, सरकारी नियमही ती पूर्ण वापरून संपवा असंच सांगतात. तुमच्या भागातल्या विहिरींचं पाणी एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर तपासून घ्या, जिल्हा प्रयोगशाळेत होतं, आर्सेनिक आणि इतर जड धातूंची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते, नेहमीच्या चाचणीत ती असेलच असं नाही.